प्रकल्प नोंदी: आबांचे अभंग, जुना लॅपटॉप आणि मागनं येणारा आवाज

१० मे २०२५

आजपासून लिहून ठेवतोय, कारण मागच्या वेळी काय काय बदललं ते लिहिलं नव्हतं आणि शेवटी कशानं काय झालं तेच कळेना. काम असं आहे, आबांचे अकरा अभंग नीट रेकॉर्ड करायचे, आषाढी ६ जुलैला आहे आणि त्याच्या आधी तात्या दिंडीबरोबर निघणार, म्हणजे हातात सहा आठवडे. आबा गाणार, आण्णा पेटीवर, तात्या पखवाजावर. टाळ नंतर वरून घ्यायचे. तानपुरा आपल्या मिरजेचाच, घरात आहे.

मशीन सहा-सात वर्षं जुना लॅपटॉप, चार कोअर आठ थ्रेड, नेहमीचा म्हणजे बेस स्पीड १.६ गिगाहर्ट्झ आणि जास्त पळवला, म्हणजे टर्बोला, ३.४, रॅम ८ जीबी, एसएसडी आहे. चार इनपुटचा यूएसबी ऑडिओ इंटरफेस (माइकचा आवाज लॅपटॉपमध्ये नेणारी आणि हेडफोनला परत आणणारी डबी), रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर रीपर, विंडोज. पखवाज माजघरात ठेवला आणि आबा पुढच्या खोलीत, मधलं दार बंद, कारण पखवाजाचा घुमारा आबांच्या माइकमध्ये शिरला की नंतर काहीच वेगळं करता येत नाही. म्हणजे दोघांना एकमेकांचं ऐकायला हेडफोनच आला.

पहिली ट्रायल घेतली, बफर ५१२ सॅम्पल, ४८ किलोहर्ट्झ, म्हणजे आवाजाचे सेकंदाला ४८,००० तुकडे (सॅम्पल) आणि लॅपटॉप ते एका वेळी ५१२ च्या गठ्ठ्यानं (बफर) घेतो. तात्यांनी दोन आवर्तनं वाजवली आणि थांबले. म्हणाले, "हात इथं पडतोय आणि आवाज मागनं येतोय, असं वाजवता येत नाही बाबा." मी म्हणलं तात्या, दिंडीत तर मागच्या ओळीतल्या टाळकऱ्यांना तुमचा पखवाज उशिराच ऐकू जातो की, तरी सगळे एकत्र वाजवतात. तर ते म्हणाले, "त्यांना उशिरा जाऊ दे, माझा पखवाज माझ्या मांडीवर असतो, मला तो उशिरा येत नाही." हे वाक्य जसंच्या तसं लिहून ठेवलंय.

११ मे

अंदाजानं बोलण्यापेक्षा मोजलं. पद्धत सोपी आहे, इंटरफेसच्या आउटपुटमधनं केबल काढून त्याच्याच इनपुटला लावायची, रीपरमध्ये एका ट्रॅकवर एकच टक असा आवाज ठेवायचा, तो वाजवून दुसऱ्या ट्रॅकवर रेकॉर्ड करायचा आणि झूम करून दोन्हीत किती सॅम्पलचा फरक पडला ते बघायचं. फक्त रेकॉर्ड करताना रीपरची आपोआप होणारी लेटन्सीची (आवाजाला लागणाऱ्या उशिराची) दुरुस्ती बंद ठेवायची, नाहीतर आकडा खोटा येतो. आणि हेडफोन कानाला लावून हे करू नका, केबल चुकली आणि मॉनिटरिंग चालू राहिलं तर शिट्टी बसते.

आलेले आकडे, सगळे ४८ किलोहर्ट्झला. ५१२ ला १२३८ सॅम्पल म्हणजे २५.८ मिलिसेकंद. २५६ ला ७२६, म्हणजे १५.१. १२८ ला ४७०, म्हणजे ९.८. ६४ ला ३४२, म्हणजे ७.१.

यात एक गोष्ट बघण्यासारखी आहे. बफर दोनदा लागतो, आत येताना एकदा आणि बाहेर जाताना एकदा, म्हणजे ५१२ ला १०२४ होतात, पण आले १२३८. वरचे २१४ कुठलाही बफर ठेवला तरी तेवढेच राहतात. ते कन्व्हर्टरचे (आवाजाचे आकडे आणि आकड्यांचा आवाज करणारा भाग) आणि यूएसबीच्या सुरक्षेसाठी ड्रायव्हरनं (इंटरफेस चालवणारं छोटं सॉफ्टवेअर) ठेवलेल्या राखीव साठ्याचे, जवळजवळ साडेचार मिलिसेकंद, आणि त्याला मी हात लावू शकत नाही. म्हणून बफर निम्मा केला की लेटन्सी निम्मी होते हे अर्धंच खरं आहे, १२८ वरून ६४ वर आल्यावर फक्त २.७ मिलिसेकंद वाचतात आणि प्रोसेसरवरचा ताण मात्र चांगलाच वाढतो.

अंतरात सांगायचं तर आवाज हवेत एका मिलिसेकंदात साधारण ३४ सेंटिमीटर जातो. २५.८ म्हणजे जवळजवळ नऊ मीटर. तात्यांचा स्वतःचा पखवाज नऊ मीटर लांबून ऐकू येतोय असं झालं की.

अजून एक सापडलं. ड्रायव्हर रीपरला जी लेटन्सी सांगतो ती खऱ्यापेक्षा ६४ सॅम्पलनं कमी आहे, चारही बफरला तेवढाच फरक. म्हणजे वरून घेतलेले टाळ दरवेळी १.३ मिलिसेकंद उशिरा बसणार. एका टाळाला कळणार नाही, पण आधीच्या टाळावर दुसरे आणि दुसऱ्यावर तिसरे ऐकत घेतले की साठत जातं. प्रेफरन्सेसमध्ये ऑडिओखाली रेकॉर्डिंगच्या पानावर हातानं ऑफसेट टाकता येतो, तिथं ६४ टाकून परत मोजलं, बरोबर शून्यावर आलं.

१४ मे

बफर १२८ केला आणि टक टक सुरू. पखवाज आणि पेटी चालू असताना कळतच नाही, टाळात तर सगळं झाकून जातं, पण नुसता तानपुरा वाजवला की प्रत्येक टक उघडी पडते. जवारी लागलेल्या, म्हणजे घोडीवर घासून झणझणणाऱ्या, तारेचा आवाज सलग भरलेला असतो, त्यात केसाएवढी भेग पडली तरी कानाला टोचते. तेव्हापासून तपासणीला तानपुराच ठेवलाय, दहा मिनिटांचं रेकॉर्डिंग लूपवर टाकायचं आणि डोळे मिटून ऐकायचं.

मला आधी वाटलं प्रोसेसर दमला. पण रीपरच्या परफॉर्मन्स मीटरमध्ये लोड १४ टक्के. चौदा टक्क्याला कोण दमतं? इथं मी दोन दिवस अडलो होतो म्हणून सविस्तर लिहितो. लोड आणि वेळेत पोचणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पंगत बसली आहे असं समजा, वाढप्यानं पानातला भात संपायच्या आत परत यायचं आहे. दिवसभरात त्याचं काम किती झालं याला पानावर बसलेल्या माणसाच्या लेखी अर्थ नाही, तो एकदाच जरी दारात कुणाशी बोलत उभा राहिला तरी पान रिकामं पडतं. १२८ सॅम्पलचा बफर म्हणजे २.६७ मिलिसेकंदाचं पान, आणि वाढप्याला सेकंदाला ३७५ वेळा यायचंय. टक्केवारी सरासरी सांगते, टक मात्र त्या एका उशिरा फेरीची असते.

मग प्रश्न असा झाला की दारात कोण अडवतंय.

१५ मे

लेटन्सीमॉन चालवला, दहा मिनिटं. हे सॉफ्टवेअर विंडोजमधले ड्रायव्हर प्रोसेसरला एका वेळी किती वेळ अडकवून ठेवतात ते मायक्रोसेकंदात दाखवतं. ड्रायव्हरच्या या कामांना डीपीसी म्हणतात, ती चालू असताना त्या कोअरवर बाकी कुठलाच प्रोग्राम, ऑडिओसुद्धा, पुढं घुसू शकत नाही. सगळ्यात मोठा आकडा ३९०० मायक्रोसेकंद, म्हणजे ३.९ मिलिसेकंद, आणि आपलं पान २.६७ चं. तो ड्रायव्हर वायफायचा निघाला.

डिव्हाइस मॅनेजरमध्ये जाऊन वायफाय डिसेबल केलं. टास्कबारवरून नुसतं बंद करून भागलं नाही, ड्रायव्हर जागाच राहतो. डिसेबल केल्यावर मोठा आकडा ११०० वर आला आणि टका बऱ्याच कमी झाल्या पण संपल्या नाहीत. नंतर नवीन ड्रायव्हर टाकून वायफाय चालू ठेवून बघितलं तर १४०० पर्यंत जातंय, म्हणजे सुधारलंय, तरी रेकॉर्डिंगच्या वेळी डिसेबलच ठेवणार, तेव्हा नेट लागतंय कशाला.

संध्याकाळी आबा शेजारी येऊन बसले. मी तानपुरा ऐकतोय आणि ते मांडीवर धुमाळी मोजतायत, त्यांची जुनी सवय, तानपुरा ऐकला की हात चालतो. थोड्या वेळानं म्हणाले, "चार आवर्तनं झाली की टक येतंय बघ." मी म्हणलं आबा कसं शक्य आहे. परत लावलं. खरंच, चौथं आवर्तन संपत आलं की टक. त्यांची लय मिनिटाला १२० मात्रांच्या आसपास, आठ मात्रांचं आवर्तन चार सेकंदांचं, म्हणजे सोळा सेकंद. घड्याळ लावून मोजलं तर पंधरा-सोळा सेकंदच येतायत. आता हे लेटन्सीमॉनच्या आकड्यांत दिसलंच नसतं, तिथं सगळ्यात मोठा आकडा दिसतो, लय दिसत नाही.

ठरावीक अंतरानं येतंय म्हणजे कुणीतरी घड्याळ लावून काहीतरी तपासतंय. एकेक डिव्हाइस बंद करत गेलो, ब्लूटूथ, वेबकॅम, कार्ड रीडर, कशानंच नाही. शेवटी बॅटरीजवळ आलो. बॅटरीत किती चार्ज आहे हे सिस्टिम ठरावीक वेळानं विचारत असते आणि माझ्या लॅपटॉपवर त्या विचारण्याला वेळ लागतो. डिव्हाइस मॅनेजरमध्ये बॅटरीज या भागात बॅटरीची कंट्रोल मेथडवाली एंट्री आहे ती डिसेबल केली, टक गेली. पाऊण तास लावून ठेवलं, एकही नाही. डीपीसीचा मोठा आकडा ३४० मायक्रोसेकंद.

सावधगिरी: ही एंट्री बंद असताना बॅटरी किती उरली ते दिसत नाही आणि संपत आल्याची सूचनाही येत नाही. चार्जर लावलेला असतानाच करायचं आणि काम झालं की परत चालू करायचं. भिंतीवर कागद चिकटवलाय, रेकॉर्डिंगआधी काय बंद करायचं आणि नंतर काय चालू करायचं.

१८ मे

पॉवर प्लॅन. लॅपटॉपचा प्रोसेसर काम कमी दिसलं की स्पीड कमी करतो, काम आलं की वाढवतो, आणि ऑडिओचं काम हे छोटं छोटं पण सतत येणारं असतं त्यामुळं त्याला वाटतं काही विशेष चाललेलं नाही आणि तो खालच्याच स्पीडला राहतो. मग टक्केवारी वाढलेली दिसते, कारण ती त्या कमी स्पीडची टक्केवारी असते. माझ्याकडं यादीत फक्त बॅलन्स्ड होता, अल्टिमेट परफॉर्मन्स नावाचा प्लॅन लपलेला असतो तो कमांड देऊन बाहेर काढला. ॲडव्हान्स्ड सेटिंगमध्ये प्रोसेसरचा किमान स्पीड १०० टक्के, यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड बंद, पीसीआय एक्सप्रेसचं लिंक स्टेट पॉवर मॅनेजमेंट बंद (दोन्ही वीज वाचवायची सेटिंग). इंटरफेस हबमधून काढून थेट लॅपटॉपच्या पोर्टला लावला.

१२८ ला लोड १४ वरून ९ टक्के. ६४ सुद्धा चालतंय, तानपुऱ्यावर वीस मिनिटांत दोन टका.

इंडेक्सिंग बंद केलं, क्लाउड सिंक बंद केलं, अँटिव्हायरसला प्रोजेक्टचं फोल्डर वगळायला सांगितलं. फरक मोजण्याएवढा पडला नाही, पण ठेवलंय तसंच. हार्ड डिस्कबद्दल लोक फार काळजी करतात, चार ट्रॅक २४ बिट ४८ किलोहर्ट्झ म्हणजे सेकंदाला ५७६ किलोबाइट आणि तासाला साधारण २ जीबी, एवढं जुनी डिस्कसुद्धा आरामात लिहिते.

२१ मे

दुपारी ट्रायल घेतली आणि आठव्या मिनिटाला सगळं बिघडलं, सलग खरखर. सकाळी हाच टेक स्वच्छ आला होता. तापमान बघितलं तर ९५ डिग्री, आणि स्पीड ३.४ वरून खाली पडून १.८ वर. म्हणजे १८ तारखेला मी प्रोसेसरला कायम पळत राहा म्हणून सांगितलं आणि मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत तो पळून पळून तापला, तापल्यावर स्वतःला वाचवायला त्यानं स्पीड कमी केला.

मागचं झाकण काढलं. आधी बॅटरीचा कनेक्टर सोडवायचा, हे विसरायचं नाही. पंख्यात आणि जाळीत धुळीचा नमदा बसला होता, तेलकट, काळपट. ही खोली देवघराला लागून आहे, रोजची उदबत्ती, कापूर, सगळं त्या पंख्यानं ओढून घेतलंय. ब्रश आणि ब्लोअरनं साफ केलं, ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटानं धरून ठेवलं, प्रोसेसरवरची वाळलेली पेस्ट पुसून नवीन लावली. परत तोच टेक, दुपारीच, तापमान ७८ ला थांबलं.

खर्च म्हणाल तर पेस्टची एक ट्यूब. नवीन लॅपटॉपचे भाव मी मागच्या महिन्यात काढून ठेवले होते, ते आता बाजूला ठेवलेत.

२३ मे

तापमान आटोक्यात आलं पण पंख्याचा आवाज आहे. आबांचा आवाज आता हळू लागतो, माइकचा गेन वाढवावा लागतो, आणि दोन कडव्यांच्या मधल्या शांततेत पंखा स्पष्ट येतो. सतत ३.४ ला पळवायचं तर पंखा फिरणारच.

उलटा प्रयोग केला. पॉवर प्लॅनमध्ये प्रोसेसरचा कमाल स्पीड ९९ टक्के केला, त्यानं टर्बो बंद होतो आणि प्रोसेसर बेस स्पीडच्या वर जात नाही. स्पीड १.६, तापमान ५८, पंखा जवळजवळ बंद. लोड ९ वरून २० टक्के झाला, पण तानपुरा अर्धा तास स्वच्छ. म्हणजे निम्म्या स्पीडला, दुप्पट लोडला, एकही टक नाही. चौदा टक्क्याला टका येत होत्या आणि वीस टक्क्याला येत नाहीत, १४ तारखेची पंगत इथं पुरती पटली.

ठरवलं, रेकॉर्डिंगला ९९ आणि मिक्सिंगला १००, दोन वेगळे प्लॅन करून ठेवले.

मध्येच लाइट गेली, वळीव आला होता. इन्व्हर्टरवर घेऊन बघितलं तर माइकच्या ट्रॅकवर बारीक गुणगुण येते. लाइट गेली की रेकॉर्डिंग थांबवायचं, त्यावर दुसरा उपाय मी शोधत बसणार नाही.

२८ मे

तात्या आले. मी मोठ्या विश्वासानं १२८ वर बसवलं, ९.८ मिलिसेकंद, नऊ मीटरचे साडेतीन मीटर झाले. त्यांनी वाजवलं आणि म्हणाले, "आधीपेक्षा बरं, पण अजून मागंच आहे, पुष्कळ मागं."

पुष्कळ? मला ते खरं वाटेना. पण तात्यांचा हात पन्नास वर्षं पखवाजावर आहे, ते मागं आहे म्हणतायत तर आहे, चूक माझ्या मोजण्यात असणार. आणि होती. मी मोजलं होतं रिकाम्या प्रोजेक्टमध्ये, आणि तात्या वाजवत होते माझ्या नेहमीच्या टेम्प्लेटमध्ये, ज्यात मास्टरवर (सगळे ट्रॅक एकत्र होऊन बाहेर जातात तो शेवटचा ट्रॅक) मिक्सिंगचे प्लगइन (आवाजावर काम करणारी जोड-सॉफ्टवेअर) आधीच लावलेले होते. परफॉर्मन्स मीटरमध्ये प्रत्येक ट्रॅकपुढं पीडीसीचा रकाना असतो, म्हणजे त्या ट्रॅकवरच्या प्लगइननी किती सॅम्पल उशीर लावलाय, तो मी कधी नीट वाचलाच नव्हता. मास्टरवर १०२४. लिनिअर फेजचा एक इक्यू, म्हणजे आवाजातले जाड-बारीक सूर कमी-जास्त करणारा प्लगइन, त्याला पुढचा आवाज आधी बघून मग काम करावं लागतं, म्हणून तो सगळंच १०२४ सॅम्पल थांबवतो. २१.३ मिलिसेकंद. मास्टरवर असल्यामुळं जे जे हेडफोनला जातं ते सगळं यातनंच जातं.

म्हणजे १० मे ला तात्यांना आवाज २५.८ नाही, ४७ मिलिसेकंद मागनं येत होता. गजराची लय मिनिटाला २०० मात्रा धरली तर एक मात्रा ३०० मिलिसेकंदांची, चौगुणीत (एका मात्रेत चार बोल) एक बोल ७५ चा. ४७ म्हणजे अर्ध्या बोलापेक्षा जास्त मागं. ते दोन आवर्तनांत थांबले यात काही नवल नाही. आणि आज माझ्या ९.८ च्या जागी ३१ होता.

टेम्प्लेट दोन केली. रेकॉर्डिंगच्या टेम्प्लेटमध्ये मास्टर पूर्ण मोकळा. लिनिअर फेज, पुढचं बघून दाबणारे लिमिटर, नॉइज काढणारे प्लगइन, ओव्हरसॅम्पलिंग, हे सगळं मिक्सिंगच्या टेम्प्लेटमध्ये, तिथं बफर १०२४ ठेवला तरी कुणाची हरकत नाही. रिव्हर्ब (देवळात आवाज घुमतो तसा परिणाम) प्रत्येक ट्रॅकवर वेगळा लावला होता, सहा रिव्हर्ब चालत होते, ते काढून एकच रिव्हर्बचा ट्रॅक केला आणि बाकीच्यांनी त्याला सेंड दिला, म्हणजे आपला थोडा आवाज तिकडं पाठवला. आवाज उलट जास्त चांगला लागतोय, सगळे एकाच देवळात बसल्यासारखे. मिक्सिंगचा लोड ३८ वरून १३.

हेही कळून घ्या की रीपर प्लेबॅकचे ट्रॅक थोडे आधीच तयार करून ठेवतो, त्याला अँटिसिपेटिव्ह एफएक्स म्हणतात, त्यामुळं जुन्या ट्रॅकवर प्लगइन असले तरी चालतात. पण रेकॉर्डला लावलेल्या ट्रॅकचं आधी काहीच करता येत नाही, तो आवाज अजून वाजलेलाच नाही. म्हणून जड प्लगइन रेकॉर्डच्या ट्रॅकवर नको म्हणजे नकोच.

१ जून

अभंगांखालचा तानपुरा आत्तापर्यंत मी सॅम्पलवाला व्हर्च्युअल, म्हणजे आधी रेकॉर्ड केलेल्या सुरांवर चालणारा सॉफ्टवेअरमधला, वापरत होतो, दोन जीबी रॅम तोच खात होता. आबांना ते आवडत नव्हतं पण बोलले नव्हते. आज म्हणाले, "मिरजेत राहून डब्यातला तानपुरा कशाला?" खरं आहे. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये जीआय मानांकन मिळालं, दीडशे वर्षांच्या वर इथं वाद्यं बनतायत, मंगळवेढ्याकडचा भोपळा येतो आणि आमच्यापासून चालत जाण्याएवढ्या अंतरावर त्याचा तानपुरा होतो.

काळी चार पट्टीला लावून घरचा तानपुरा वीस मिनिटं रेकॉर्ड केला. तारेखालचं सूत सरकवून जवारी लावायला आबांनी पाऊण तास घेतला आणि तो पाऊण तास मी नुसता बघत बसलो. आता तो एक साधा ऑडिओ ट्रॅक आहे, लोड जवळजवळ शून्य, रॅम मोकळी.

रॅमची दुसरी ८ ची पट्टी टाकली, मोठ्या प्रोजेक्टला बरं पडेल, टकांत फरक नाही.

३ जून

तात्यांचं १० मे चं वाक्य परत वाचलं. त्यांना उशिरा जाऊ दे, माझा मला उशिरा येत नाही. मी तीन आठवडे सगळ्यांचा सगळा आवाज लवकर आणायच्या मागं लागलो होतो, आणि ते म्हणत होते फक्त माझा मला वेळेवर द्या.

इंटरफेसवर डायरेक्ट मॉनिटरचं बटण पहिल्यापासून आहे. माइकचा आवाज कॉम्प्युटरमध्ये न जाता इंटरफेसमधूनच थेट हेडफोनला, उशीर जवळजवळ शून्य. मी ते वापरत नव्हतो कारण त्यात रिव्हर्ब नसतो आणि कोरड्या आवाजात आबांना गाता येत नाही, सूर लागल्यासारखा वाटत नाही म्हणतात. मग आज असं केलं. कोरडा आवाज डायरेक्ट, आणि रीपरमधून फक्त रिव्हर्ब, त्यात कोरडा आवाज अजिबात नाही. रीपरमध्ये रेकॉर्डच्या ट्रॅकचा मास्टर सेंड बंद केला, रिव्हर्बच्या ट्रॅकला सेंड चालू, रिव्हर्बचं ड्राय, म्हणजे त्यातला कोरडा आवाज, शून्य. रिव्हर्ब दहा-पंधरा मिलिसेकंद उशिरा आला तर काही बिघडत नाही, देवळातसुद्धा भिंतीवरून परत यायला तेवढा वेळ लागतोच.

ड्राय शून्य करायचं राहिलं तर मात्र आवाज पोकळ होतो, पत्र्याच्या पाइपातून आल्यासारखा, कारण तोच आवाज दोनदा थोड्या अंतरानं ऐकू येतो आणि काही स्वर एकमेकांना कापतात. गायकाला हे जास्त जाणवतं, त्याचा आवाज त्याच्या हाडांतून आधीच कानात पोचलेला असतो. आबा हेडफोनची एक बाजू कानामागं सरकवून गायचे ते यामुळंच असणार, मी त्यांना दरवेळी नीट लावा म्हणायचो. आज त्यांनी स्वतःहून दोन्ही कानांवर ठेवला.

बफर २५६ केला. हो, परत वर नेला. आता लहान बफरची गरजच नाही, आणि २५६ ला पान ५.३ मिलिसेकंदांचं आहे, लोड ११ टक्के, १.६ च्या स्पीडला, पंखा बंद.

८ जून

पूर्ण तालीम, पंचेचाळीस मिनिटं सलग. तानपुऱ्याचा ट्रॅक, आबा, पेटी, पखवाज, सगळं. एकही टक नाही. तात्यांनी काही सांगितलं नाही, नुसते वाजवत राहिले, मी पण विचारलं नाही. मध्ये एकदा पखवाजाची कणीक वाळली म्हणून थांबले, ती ओली करून लावली आणि परत सुरू.

१५ जून

सहा अभंग झाले. टाळ वरून घेतले, तीन जोड्या. ६४ सॅम्पलचा ऑफसेट काढून आणि ठेवून, दोन्ही प्रकारे एकेका गजराला घेऊन बघितले. ऑफसेट नसताना टाळ पखवाजावर पडतात पण जरा रुंद वाटतात, ठेवल्यावर एकाच जागी पडतात. आण्णांना न सांगता दोन्ही ऐकवले, त्यांनी ऑफसेट ठेवलेला निवडला.

२१ जून

अकराही झाले. शेवटची भैरवी आबांनी एका टेकमध्ये दिली आणि मग उठून पाणी प्यायले, दुसरा टेक घेऊ का विचारलं तर नको म्हणाले.

सगळे ट्रॅक दोन ठिकाणी कॉपी केले. बॅटरीची एंट्री चालू केली, वायफाय चालू केलं, भिंतीवरच्या कागदावर खूण केली. रात्री भैरवीच्या शेवटी राहिलेला नुसता तानपुरा लावून ठेवला होता. आबा बाजेवर पडल्या पडल्या ऐकत होते, हात मांडीवर चालू होता. बऱ्याच वेळानं म्हणाले, "सोळा आवर्तनं झाली." मी विचारलं काही आलं का. "नाही. असू दे चालू."

तात्या उद्या पहाटे निघतायत. मिक्सिंग ते परत आल्यावर, बफर १०२४, टर्बो चालू.